आईनं डकवलेली भिंत

बेळगावात चित्रकलेचा डिप्लोमा करत होते तेव्हाची गोष्ट. ऐंशीचं दशक नुकतंच उजाडलं होतं. आमच्या सरांनी एकदा परदेशी मासिकांतली रंगीत पानं आणून वर्गात टाचण्यांनी लावली. डबाबंद खाण्याचे डबे, साबणाच्या जाहिरातीतल्या हसऱ्या बायका, फ्रीज, मोटार, कुणाचा तरी नुसताच हात, सगळं कात्रीनं कापून एकमेकांवर चिकटवलेलं. सर म्हणाले, ह्याला पॉप आर्ट म्हणतात आणि ह्या चिकटवण्याला कोलाज. बाजार माणसाच्या स्वयंपाकघरात शिरून कसा पाय पसरून बसलाय, त्याची ही थट्टा आहे. बाकीची पोरं मान डोलवत वहीत उतरवून घेत होती आणि मला हसू फुटलं.

"काय झालं गं हसायला?" सरांनी विचारलं.

"सर, हे आमच्या घरात हाय. निपाणीत. माझ्या आईनं केलंय."

सगळा वर्ग खिदळला. सर मात्र हसले नाहीत. "बरं, मग तुझी आई कशाची थट्टा करते?"

"थट्टा न्हाय करत, सर," मी म्हटलं, आणि पुढं काय बोलावं ते मला सुचेना. आज सुचतंय, तर सांगून टाकते.

आम्ही निपाणीत भाड्याच्या एका खोलीत राहायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचे. आई घरात बसून विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला तेंदूची भिजवलेली पानं आणि हातात ती छोटी कात्री. मी एकुलती एक, त्यामुळं लाड करून घ्यायला आणि बोलणी खायला घरात दुसरं कुणी नव्हतं. खोलीच्या तीन भिंती धड होत्या. चौथीचा, चुलीसमोरच्या भिंतीचा, मातीचा गिलावा सुटत चालला होता. भाकरी थापताना परातीत पोपडे पडायचे. आई दोन-तीनदा शेणामातीनं लिंपून बघून कंटाळली आणि एके दिवशी तिनं चहाचा रिकामा पुडा उलगडला, कात्रीनं कडा सारख्या केल्या आणि खळ लावून त्या भगदाडावर डकवून टाकला.

सुरुवात ही अशी, पोपडे पडू नयेत म्हणून. पण त्या पुड्यावर एक बाई होती, हातात कपबशी घेतलेली. स्वयंपाक करताना आईला ती समोर दिसायला लागली आणि आईला सोबत झाली. मग साबणाचं वेष्टण आलं, त्यावर गोरी गुलाबी नटी. मग दंतमंजनाची पुडी, काडेपेटीची चित्रं, उदबत्तीच्या पुड्याचं जांभळं झाकण. मैद्याची खळ शिजवताना आई त्यात चिमूटभर मोरचूद घालायची, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. विडीच्या पानाला सरावलेला हात तिचा, कागद कसा सुरेख कापायची! पुढं पुढं नुसते पुडे लावणं तिला पुरेना. खताच्या दुकानानं दिलेल्या कॅलेंडरातला ट्रॅक्टर कापून त्यावर तिनं साबणाची नटी बसवली. बिस्किटाच्या पुड्यावरचं गुबगुबीत पोर म्हशीच्या पाठीवर चढलं. चहावाल्या बाईच्या डोक्यावर केसतेलाच्या बाटलीवरचं कमळ आलं. तिला कसलीच अक्षरं येत नव्हती, त्यामुळं मराठी, कानडी, इंग्रजी सगळं तिला सारखं. कानडी तर ती हमखास उलटं लावायची. म्हणायची, गोल अक्षरं, इकडनं काय आन् तिकडनं काय.

एक नियम मात्र होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. आपण विकत आणलेल्या आणि आपण खाल्लेल्या-वापरलेल्या वस्तूचाच कागद भिंतीवर जाणार. रस्त्यात सापडलेला नाही, कुणी दिलेला नाही. पुणे-बंगळूरचा हमरस्ता आमच्या गावातनंच जायचा. ट्रकवाले काय काय झगमगीत कागद फेकून जायचे, माझा जीव तुटायचा. आई म्हणायची, "दुसऱ्यानं खाऊन टाकल्यालं ते उष्टं. उष्टं घरात न्हाय आणायचं."

ह्या उष्ट्यामागं तिचं सगळं लहानपण होतं. तिची आई गावात वरच्या घरांच्या दारात उभी राहून उरलेल्या भाकऱ्या पदरात घेऊन यायची आणि त्यावर पोरं वाढायची. आमच्या लोकांनी जुना धर्म सोडला तेव्हा आजीनं ते भाकरी मागणं सोडलं. आई तेव्हा परकरी पोर होती. तिला त्या शिळ्या भाकरीचा वास आयुष्यभर आठवायचा, असं ती म्हणायची. म्हणून आमच्या घरात पहिल्यांदा आलेला साबण, पहिल्यांदा आलेला बिस्किटाचा पुडा, ह्याला तिच्या लेखी फार मान होता. सरांनी त्या परदेशी चित्रांबद्दल सांगितलं ते खरंच असणार. ज्यांची घरं वस्तूंनी तुडुंब भरली त्यांना त्यांची थट्टा सुचावी, ह्यात नवल नाही. आमच्याकडं एक वस्तू आली की तिघं मिळून तिचं कौतुक करत बसायचो.

आप्पांनी एकदा हा नियम मोडून बघितला होता. वखारीच्या मालकाच्या घरी काही कामाला गेले आणि तिथनं चॉकलेटचा सोनेरी कागद खिशात घालून आले. स्वतःच खळ लावून भिंतीवर डकवला आणि लाडात म्हणाले, "बघ की, सोनं लावलंय तुझ्या भिंतीला." आईनं उलथनं घेतलं आणि एका झटक्यात तो कागद खरवडून चुलीत टाकला. आप्पा दोन दिवस फुगून बसले. मग तिसऱ्या दिवशी स्वतः गोळ्यांची पुडी विकत घेऊन आले, आम्हाला दोघींना बसवून खायला लावली आणि तिचा साधा लाल कागद आईच्या हातात दिला. तो अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे.

आता मालकीणबाईंकडं येते. आमचे जुने मालक मोठा सज्जन माणूस. खोली देताना त्यांनी आप्पांना फक्त एवढंच विचारलं, काम काय करतोस. हे एवढंच विचारणारा माणूस आप्पांना किती गल्ल्या हिंडल्यावर भेटला ते मी शंभरदा ऐकलंय. बाकीचे आधी नाव विचारायचे, मग आडनाव, मग गाव, आणि मग म्हणायचे, अरेरे, कालच दिली की हो खोली. तर ते मालक वारले. मुलगा मालक झाला. त्याचं नुकतंच लग्न झालेलं, आणि त्याची बायको खाली गोकाककडची, घरात सगळी कानडी बोलणारी. निपाणीत घरोघरी मराठी, त्यामुळं ती बिचारी माडीवर एकटी पडली. एका दुपारी ती खाली उतरली आणि आमच्या दारात उभी राहिली.

आईची गडबड उडाली. मालकीणच ती, शिवाय वरच्या घरातली. बसायला पोतं टाकलं, पण ती बसेना. आईनं चहा केला खरा, पण द्यायचा धीर होईना. वरची माणसं आमच्या घरचं पाणी घेत नसत. मालकीणबाईंनी आपणहून हात पुढं केला, कप घेतला आणि भिंतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. चहा पीत पीत भिंतीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गोडी भाळ छंद ऐत्रि." मग कप ठेवला, हसल्या आणि वर निघून गेल्या.

आई कागलकडची. कानडीशी तिचा संबंध बाजारापुरताच. पण भाळ म्हणजे लई, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. ती कपाळावर हात मारून बसली. "गोडी लई झाली म्हनाली गं! साखर जास्त पडली वाटतं."

पुढच्या खेपेला आईनं साखर निम्मी केली. मालकीणबाईंनी भिंतीपुढं उभं राहून चहा प्यायला आणि म्हणाल्या, "गोडी भाळ छंद ऐत्रि." आईनं साखर आणखी कमी केली. तरी तेच. मग चिमूटभर घातली. तरी तेच. शेवटी आईनं साखरेच्या डब्याला हातच लावला नाही. काळाकुट्ट कडू चहा. मी एकदा एक घोट चाखला आणि बाहेर जाऊन थुंकले. मालकीणबाईंनी तो तळापर्यंत प्यायला, बशीत सांडलेलासुद्धा, आणि भिंतीकडं बघून अगदी मनापासून म्हणाल्या, "गोडी भाळ छंद ऐत्रि."

"हिच्या जिभंला काय रोग हाय का काय?" आई वैतागली. "आन् तोंडाकडं बघून बोलत न्हाय. भितीकडं बघून बोलती. लाजती बिचारी."

आप्पांना कानडी यायचं, वखारीत अर्धे हमाल कानडी. पण ते दुपारी घरी नसायचे आणि आई त्यांना सांगायची तेव्हा स्वतःचं भाषांतर सांगायची: मालकीणबाईला आपला चहा गोड लागतोय. आप्पा म्हणायचे, मग साखर कमी घाल की. ह्यावर आई त्यांच्याकडं अशी बघायची की ते तंबाखू मळत बाहेर जायचे. मला म्हणाल तर कानडीतलं एक ते दहा यायचं, त्यापलीकडं काही नाही. पण मालकीणबाईंबरोबर माझं बरं जमायचं. भिंतीवरचा उदबत्तीचा पुडा कानडी होता, उलटा लावलेला. त्या मान वाकडी करून त्यावर बोट फिरवत एकेक अक्षर मोठ्यानं वाचायच्या आणि मी त्यांच्यामागनं म्हणायची. माझी कानडीची पहिली शाळा तीच, आणि माझी मान अजून एका बाजूला कलते ती त्यामुळंच असं मी चेष्टेनं म्हणते.

असे बरेच महिने गेले. मग एक दिवस आप्पा वखारीतनं आले ते चेहरा उतरवून. मालक दुकानात भेटला होता. सगळ्या खोल्यांना चुना मारून घ्यायचं ठरलंय, त्याआधी मी स्वतः येऊन भिंती बघणार, आणि ज्यानं माझ्या भिंतीची वाट लावलीय त्यानं आपलं बिऱ्हाड उचलायचं, असं तो म्हणाला होता. आप्पांना कुणाचं नाव घेऊन म्हणाला नव्हता. पण आमच्या भिंतीवर मातीचा एक ठिपका दिसत नव्हता, इतके कागद.

"काढून टाकू या," आप्पा म्हणाले. "पुन्हा खोली हुडकायची माझ्यात ताकद न्हाय गं. पुन्हा ती आडनावं सांगायची..."

आई भांडेल असं मला वाटलं होतं. चॉकलेटचा सोनेरी कागद चुलीत घालणारी बाई ती. पण आप्पांची सुट्टी होती त्या दिवशी तिनं बादलीत पाणी घेतलं, फडकं भिजवलं आणि खालच्या कोपऱ्यापासून एकेक कागद ओला करून उलथन्यानं अलगद सोडवायला लागली. सगळ्यात नवे कागद आधी. चहावाली बाई सगळ्यात जुनी, तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागावा म्हणून. सुटलेले कागद ती सुपात वाळत घालत होती. मी रडत होते आणि आप्पा दाराकडं तोंड करून बसले होते. मला आईचा राग आला नाही. खोली गेली तर आम्ही कुठं जाणार, हे मला त्या वयातही कळत होतं.

तेवढ्यात मालकीणबाई खाली आल्या. दारातनं ओली भिंत बघितली आणि किंचाळल्याच. "अय्यय्यो! गोडी! गोडी याक हाळ माडिद्रि?"

आईच्या हातातलं फडकं गळून पडलं. ती हात जोडून पुढं झाली. "न्हाय वो बाई, साखर न्हाय घातली! येक दाणा सुदिक न्हाय घातला! आज तर च्या बी न्हाय केला अजून!"

आप्पा झटकन वळले. एकदा आईकडं बघितलं, एकदा मालकीणबाईंकडं. "काय म्हनालीस? कसली साखर?"

"आवो, गोडी लई झाली म्हनून वरडायल्यात न्हवं का त्या. पयल्यापास्नं तेच म्हंत्यात की."

आप्पा मटकन खाली बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतनं पाणी आलं तरी हसायचे थांबेनात. शेवटी दम खात म्हणाले, "अगं खुळे, कानडीत गोडी म्हंजे भित! भित लई चांगली हाय म्हनत्यात त्या. आन् आता इच्यारत्यात, भितीची नासाडी का केली."

आई भिंतीला टेकली. इतके महिने त्या बाई आमच्या भिंतीचं कौतुक करत होत्या आणि ही त्यांना दरवेळी जास्त कडू चहा पाजत होती.

आप्पांनी मालकीणबाईंना सगळं कानडीत सांगितलं, मालक काय म्हणाला तेही आणि चहाचंही. त्या आधी गंभीर झाल्या आणि हात हलवत बरंच काही बोलल्या. आप्पांनी सांगितलं, भिंतीला हात लावू नका, मालकाचं मी बघते, असं म्हणतायत. मग चहाचं ऐकल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला. आईनं तिथल्या तिथं चूल पेटवली आणि इतक्या महिन्यांची साखर एकदाच फेडायची म्हणून चहात मूठभर साखर ओतली. मालकीणबाईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सक्री भाळ आत्रि!" हे मात्र आईला कुणी सांगावं लागलं नाही. त्या दोघी हसल्या त्या हसल्याच.

चुना मारणारे आले तेव्हा त्यांनी तीन भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या आणि चौथीला पाठ करून बादली उचलली. "ही सोडायची म्हनून वरनं सांगितलंय," एवढंच म्हणाले. मालक भिंती बघायला आलाच नाही. मालकीणबाईंनी माडीवर त्याच्याशी काय बोलणं केलं ते आम्हाला कधी कळलं नाही. आईनं सुपातले कागद पुन्हा खळ लावून जागच्या जागी बसवले, आणि मालकीणबाईंना विचारून उदबत्तीचा पुडा सुलटा केला.

मग थोड्या दिवसांनी, आम्ही तिघं जेवून उठलो होतो, मालकीणबाई आल्या. त्यांच्या माहेराहून करदंटाचा, म्हणजे तिकडच्या डिंक-सुक्या मेव्याच्या मिठाईचा, डबा आला होता. त्यावरचा रंगीत कागद त्यांनी नीट सोडवून, घडी न पडू देता आणला होता. वर कानडी अक्षरं आणि लाल-पिवळी वेलबुट्टी. त्यांनी तो आईपुढं धरला आणि भिंतीकडं बोट केलं.

आप्पांचा चेहरा मला आठवतो. त्यांनी आईकडं बघितलं आणि चटकन नजर फिरवली, कारण चुलीत गेलेला सोनेरी कागद त्यांना विसरता येण्यासारखा नव्हता. डबा वरच्या घरात संपलेला. कागद तेवढा खाली आलेला. आता खोलीची भीती उरली नव्हती, नको म्हटलं असतं तरी मालकीणबाईंनी आम्हाला काही केलं नसतं, हे आईलाही माहीत होतं. ती कागदाकडं बघत उभी राहिली. मालकीणबाईंचा हात तसाच पुढं होता आणि त्यांचं हसू जरा कमी झालं होतं.

मग आईनं हात लुगड्याला पुसले आणि दोन्ही हातांनी तो कागद घेतला. आप्पांकडं न बघता त्यांना म्हणाली, "बघताय काय असं? माझा इखासारखा कडू च्या तिनं तळापतूर प्याला. आपल्या कपातनं. येकदा बी तोंड वाकडं केलं न्हाय. तिचा कागूद उष्टा म्हनू व्हय मी?"

मालकीणबाईंना त्यातलं अक्षरही कळलं नसणार. त्यांनी फक्त कागद कुठल्या बाजूनं वर धरायचा ते दाखवलं, आणि आईनं खळीचं भांडं जवळ ओढलं. एकीनं कागद धरला, दुसरीनं बोटांनी खळ पसरली. वरच्या घरातनं आलेली वस्तू मान वर ठेवून घेणारी आमच्या घराण्यातली माझी आई पहिली. तिला तसं घेता यावं असं देणारी बाई आमच्या डोक्यावरच राहत होती, हे माझं भाग्य. त्या दोघींची मी जन्मभर ऋणी आहे.